पार्किंगमधला मिठाचा खड्डा

“तहान लागली काय?”

हा प्रश्न मी एका पाइपाला विचारला होता. जमिनीत गाडलेल्या लोखंडी पाइपाला. मैत्रिणींनी पैज लावली म्हणून.

हसू आलं ना? मलाही येत होतं. विचारेपर्यंत.

हे जे लिहून राहिली ते माझ्यासोबत झालेलं आहे. ऐकीव नाही, कोणाच्या मावशीच्या नणदेचं नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खाली हसण्याच्या इमोजी टाकाव्या, मला फरक पडत नाही. आठवीपर्यंत मी वर्गात उभं राहून उत्तर द्यायलाही घाबरायची. नववीत वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला आणि माझी भीतीच मेली. आता मी कोणालाच घाबरत नाही.

म्हणजे... माणसांना.

गाव गोंदिया. मागच्या मे महिन्यातली एक संध्याकाळ. जागा, आमच्या अपार्टमेंटच्या खालची पार्किंग. आणि त्या वेळी बिल्डिंगमध्ये लाइन, म्हणजे वीज, नव्हती. हे लक्षात ठेवा.

पण सुरुवात त्याच्या आधीची आहे. चार्जरपासूनची.

माझ्या पप्पांचं तिरोड्याला कृषी केंद्र आहे. रोज जाणं-येणं. होळीच्या सुमारास त्यांनी बॅटरीवाली कार घेतली आणि घरीच चार्जर लावायचं ठरवलं. आमच्या बिल्डिंगमधला पहिला चार्जर! मी तर लागायच्या आधीच अर्ध्या शाळेला सांगून टाकलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी केशोरावकाका मात्र मीटिंगमध्ये अडून बसले.

“गाडी पेटली तं पूरी बिल्डिंग फुकून जाईन, उमेंद्रभाऊ.”

“तुमच्या किचनमधी सिलेंडर आहे का नाई, काका?” पप्पा म्हणाले.

“सिलेंडर जिंदगीभर पाहून राहिलो मी. हे पोट्टं कालचं हाय.”

शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर. चार्जर कोपऱ्यातच लावायचा. भिंतीजवळची शेवटची जागा. बिल्डिंग झाली तेव्हापासून तिथे कोणीच गाडी लावत नव्हतं. काऊन? कोणालाच धड सांगता येत नव्हतं. ओल असते, एवढंच म्हणायचे.

पप्पा उलट खूश. “भिंत आपली, कोपरा आपला. कोणाची कटकट नाई.”

इलेक्ट्रिशियन शालीकरामभाऊ आले. मीटरपासून केबल ओढली, भिंतीवर पांढरा डबा ठोकला. डब्यावर एक छोटा दिवा. हिरवा म्हणजे सगळं बरोबर. लाल म्हणजे गडबड.

लाल लागला.

“बिल्डिंगची अर्थिंग बेकार झाली,” शालीकरामभाऊ म्हणाले. “इथंच नवा खड्डा मारा लागते.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्थिंग म्हणजे गळालेला करंट जमिनीत घालवायची सोय. खोल खड्डा करतात. मधे लोखंडी पाइप उभा करतात. पाइपाभोवती कोळशाचा थर, मग मिठाचा, मग पुन्हा कोळशाचा. वर नरसाळं बसवतात आणि त्यातून पाणी टाकत राहतात, म्हणजे खालची माती ओली राहते. माती सुकली की चार्जर लाल दाखवतो.

साधी गोष्ट आहे. सगळीकडे करतात.

खोदकाम सुरू झालं तेव्हा मी तिथेच उभी होती. फरशी उचकटली. खाली भरावाचा मुरूम निघाला. त्याच्या खाली निघाली काळी माती. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, असते ना, तशी. चिकट.

गोंदियातला एप्रिल. वर हापश्या कोरड्या पडल्या होत्या.

आणि ती माती... ओली होती.

तेवढ्यात मम्मी चहा घेऊन खाली आली. शालीकरामभाऊ मिठाचं पोतं खड्ड्यात रिकामं करत होते. पांढरं मीठ काळ्या मातीवर पसरलं.

मम्मी जागीच थांबली.

“मीठ कायले?”

“मिठानं ओल धरते, वहिनी.”

चहाचा ट्रे तिच्या हातातच राहिला. मी ट्रे धरला तर मम्मीचे हात थंड होते. भर उन्हाळ्यात, गरम चहा धरलेले हात... थंड.

“लवकर बुजवा,” ती म्हणाली. “उघडं नका ठेवू.”

खड्डा भरला, पाइप उभा राहिला, नरसाळं बसलं. पप्पांना हौस. नवीन काही घरात आलं की नारळ फोडल्याशिवाय ते ऐकत नाहीत. बोअर मारली की पहिलं पाणी घरची बाई घेते, तसंच इथेही त्यांनी मम्मीच्या हातात तांब्या दिला. “टाक. पहिलं पाणी तुझं.”

मम्मीनं पाणी टाकलं.

गट... गट... गट...

थांबलं.

दम घ्यायला कोणी थांबते ना, तेवढंच.

मग पुन्हा... गट.

“अरे, हा तर पिऊन राहिला!” टिंकू ओरडली. टीना आणि टिंकू या दुसऱ्या माळ्यावरच्या बहिणी, माझ्या जिवलग. सगळे हसले. शालीकरामभाऊ पण हसले.

डब्यावरचा दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मम्मी नरसाळ्याकडेच पाहत होती.

उन्हाळाभर रोज संध्याकाळी पाणी टाकायचं काम माझ्याकडे आलं. पप्पांनी सांगितलं, “दुर्गेश्वरी, हे तुझं डिपार्टमेंट.”

पहिल्याच दिवशी मी पाणी टाकलं. ते नरसाळ्यात तसंच उभं राहिलं. थेंबभरही खाली उतरलं नाही. मी काडी घातली, ठोकलं, फुंकलं. काही नाही. दिवा लाल.

पप्पांनी फोन लावला. “हवा अडकली असन,” तिकडून शालीकरामभाऊ म्हणाले.

मम्मी खाली आली. तिनं माझ्या हातातला मग घेतला आणि नुसतं नरसाळ्यावर बोट ठेवलं.

गट... गट... गट...

दिवा हिरवा.

असं एकदा झालं असतं तर मी विसरली असती. रोज झालं. माझ्या हातचं पाणी उभं राहायचं. पप्पांच्या हातचंही. मम्मी आली की उतरायचं.

मग मम्मीच जायला लागली. आधी संध्याकाळी. मग सकाळीही. मग मला दुपारी जाग यायची तर घराचं दार लोटलेलं असायचं आणि मम्मी घरात नसायची.

एकदा मी तिच्या मागे गेली. ती नरसाळ्यावर आपली ओढणी पांघरत होती.

“मम्मी, हे काय?”

“ऊन लागते.”

मी वर पाहिलं. पार्किंग बिल्डिंगच्या खाली आहे. वर चार माळे आहेत. त्या कोपऱ्यात कधीच ऊन येत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली, आणि त्याचा राग मला अजून येतो. मम्मीनं पाणी पिणं सोडलं होतं.

तिचा ग्लास भरलेला राहायचा. जेवताना ती पाणी घ्यायची, तोंडापर्यंत न्यायची... आणि थांबायची. कान देऊन. मग ग्लास उचलून खाली जायची. परत यायची तेव्हा ग्लास रिकामा आणि ओठ तसेच कोरडे. फुटलेले.

“मम्मी, कूलरपण गरम हवा फेकून राहिला. तू पाणी काऊन पीत नाही?”

“पिली ना.”

“कुठं पिली? मी पाहून राहिली.”

“तिले आधी...” ती बोलली आणि ग्लास घेऊन उठली.

तिले?

मी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, उन्हाचं आहे, ताक देत जा.

याच दिवसांत आणखी एक झालं. एकदा मी पार्किंगमध्ये सायकल काढत होती. पप्पांनी वरून गॅलरीतून हाक मारली. “दुर्गेश्वरी!”

माझ्या मागे... गट.

मी वळली. नरसाळ्याजवळ कोणी नव्हतं. नरसाळं कोरडं होतं.

“दुर्गेश्वरी, चावी राहिली तुझी!”

गट.

मी सायकल तिथेच टाकली आणि पळाली. वर जाऊन पाहते तर मम्मी हातातलं सगळं सोडून दाराकडे निघाली होती.

हे मी टीना-टिंकूला सांगितलं तर दोघी लोळून लोळून हसल्या.

“तुमचा पाइप तुझ्यावर लाइन मारून राहिला, दुर्गे!” टीना म्हणाली.

“चल, पैज,” टिंकू म्हणाली. “आज दिवेलागणीले जायचं. बकेट भरून न्यायची. आणि त्याले तोंडावर विचारायचं, तहान लागली काय? विचारलं तं तुले डबल चीजवाली पावभाजी. नाई विचारलं तं वक्तृत्वाचा कप मले.”

आता सांगा, मी मागे हटणार होती काय?

आम्ही तिघी खाली उतरलो आणि लाइन गेली. सगळ्या कॉलनीची. पंखे, कूलर, पाण्याच्या मोटरी... सगळं एकदम बंद. उन्हाळ्यात लाइन गेल्यावर कशी शांतता होते, इकडच्या लोकांना माहीत आहे. आपलाच श्वास ऐकू येतो.

बाहेर अजून थोडा उजेड होता. कोपऱ्यात नव्हता. टिंकूनं मोबाइलचा टॉर्च लावला. चार्जरच्या डब्यावरचा दिवा विझलेला. लाइनच नाही तर दिवा कुठून?

मी बकेट ठेवली, वाकली आणि नरसाळ्याला तोंड लावून मोठ्यानं विचारलं.

“तहान लागली काय?”

काहीच नाही.

मी पाणी ओतलं. काठोकाठ. पाणी उभं राहिलं, नेहमीसारखं. टॉर्चच्या उजेडात मला त्यात माझं तोंड दिसत होतं.

“झालं?” मी सरळ झाली. “पावभाजी काढा आता.”

“मान गये यार,” टीना म्हणाली. “चल दुर्गेश्वरी, वर—”

पाणी गेलं.

उतरलं नाही. गेलं. कोणी खालून ओढावं तसं, एका दमात. नरसाळं रिकामं. आणि पाइपातून आवाज येतच राहिला. गट... गट... गट... पाणी संपलं होतं तरी.

टिंकूनं टॉर्च खाली वळवला.

“बकेट... बकेट पाहा...”

बकेट माझ्या पायाजवळ होती. मी अर्धीच ओतली होती. ती पूर्ण रिकामी होती. फरशी कोरडी होती.

आणि मग कोपरा उजळला.

हिरवा.

बिल्डिंगमध्ये लाइन नव्हती. एकाही घरात दिवा नव्हता. आणि चार्जरचा दिवा... हिरवा लागला होता.

जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी. मम्मी तिसऱ्या माळ्यावरून धावत आली होती. मी “मम्मी!” म्हटलं. ती माझ्या अंगाला घासून गेली, पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नरसाळ्याजवळ बसली आणि पाइपावर हात फिरवायला लागली.

“उगी... उगी... आली मी...”

“मम्मी, कोणाशी बोलून राहिली?”

तिनं मान वर केली. हिरव्या उजेडात तिचे ओठ काळे दिसत होते.

“एवढी रडून राहिली ती. तुम्हा पोट्टींले ऐकू नाई आलं?”

आम्हाला तिघींनाही काही ऐकू आलं नव्हतं. देवाशपथ.

मम्मी उठायला गेली आणि तिथेच कोसळली.

दवाखान्यात सलाइनवर सलाइन लागल्या. डॉक्टर पप्पांवर चिडले. “यांच्या अंगात पाणीच नाही. आणखी एक दिवस असाच गेला असता तर किडनी गेली असती. घरात कोणी लक्ष देते का नाही?”

 मी पप्पांशी बोलली. सगळं सांगितलं. डॉक्टर गेल्यावर. पाइप, मीठ, ओढणी, “तिले आधी”.

“पप्पा, तिले म्हणजे कोणाले?”

पप्पांनी मला पलंगाजवळच्या खुर्चीवर बसवलं.

“तुझ्या आधी एक होती,” ते म्हणाले. “इथंच गोंदियाले झाली. चार दिवस राहिली.”

मला मोठी बहीण होती. आणि मला हे त्या खुर्चीवर बसून कळत होतं.

“इतक्या लहान लेकराले आपल्यात जाळत नाई. मातीत देतात. खाली मीठ टाकतात. तुझी मम्मी ओली बाळंतीण होती, तिले कोणी विचारलं नाई. मी आणि माझे मोठेभाऊ घेऊन गेलो.”

“कुठं?”

“शहराच्या बाहेर. धानाच्या बांध्या होत्या.”

“कोणत्या बांध्या? पप्पा... आपली बिल्डिंग...”

“अंधार होता, बेटा. जागा मोठेभाऊनं पाहिली. ते आता नाई.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “आणि आपल्याकडं तेव्हा सगळं धानच होतं. सगळ्या बांध्या सारख्याच दिसतात.”

“तिचं नाव काय होतं?”

“बारसंच नाई झालं.”

“होतं नाव.”

मम्मी जागी होती. डोळे छताकडे. आवाज कोरडा, पण स्वच्छ.

“डोंगरगडच्या देवीले नवस केला होता मी. पोरगी झाली तं देवीचं नाव ठेवीन. ती पोटात होती तेव्हापासून त्याच नावानं हाक मारत होती. चारही दिवस मारली. ओळखत होती ती. मान वळवत होती.”

“कोणतं नाव, मम्मी?”

ती माझ्याकडे वळली आणि तिनं माझा हात धरला. 

पप्पांनी सांगितलं. खाली मान घालून. “नवस बाकी राहिला होता, बेटा. मंग तू झाली. तं ते नाव... तुले ठेवलं.”

दुर्गेश्वरी.

मला काय वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. वर्गात हजेरी घेताना मी पहिलीपासून “हजर” म्हणत आली होती... आणि कदाचित मी एकटीच म्हणत नव्हती.

दवाखान्यात मम्मी पाणी प्यायला लागली. भरपूर. तिथे तिला रडणं ऐकू येत नव्हतं. मी नर्सला विचारून विचारून प्रत्येक ग्लास पाहत होती. तिथे पप्पा मला “बेटा” म्हणत होते, नर्स “ए मुली”. नावानं मला कोणीच हाक मारत नव्हतं. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आम्ही तिला घरी आणलं. सकाळची वेळ, चांगलं लख्ख ऊन. लाइन होती, कूलर चालू होता, खालच्या माळ्यावर कोणी भांडी घासत होतं. पप्पांनी शालीकरामभाऊंना फोन करून ठेवला होता. उद्या येऊन खड्डा बुजवा, वर सिमेंट टाका, चार्जर काढून न्या.

“नका बुजवू,” मम्मी पुटपुटली. “दुसऱ्यांदा नका बुजवू.”

“तुले जगायचं आहे का नाई?” पप्पांचा आवाज चढला. मग लगेच उतरला. “पाणी पी आधी. डॉक्टरनं काय सांगितलं?”

मी ग्लास दिला. मम्मीनं ओठाला लावला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता.

पप्पा सहज म्हणाले, “दुर्गेश्वरी, दार लावून घे, गरम हवा येऊन राहिली.”

मम्मीचा घोट थांबला.

ग्लास हळूहळू खाली आला. तिचे डोळे दाराकडे गेले. तिनं पाय पलंगावरून खाली सोडले.

“रडली,” ती म्हणाली.

तिसऱ्या माळ्यावर, बंद खिडकीत, कूलरच्या आवाजात मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही. मी तुम्हाला सांगू शकत नाही की त्या मिठाखाली कोणी आहे, का सगळं मम्मीच्या मनात आहे. दिवा लाइन नसताना कसा लागला तेही नाही. शालीकरामभाऊ म्हणतात, असं होऊच शकत नाही. टीना-टिंकू आता त्या विषयावर बोलतच नाहीत, आणि बाजारात कोणी दुसऱ्याच मुलीला त्या नावानं हाक मारली तरी मी थांबून मागे पाहते. ती मुलगी वळली का, ते नाही. आणखी कोणी वळलं का, ते.

पण एक गोष्ट मला तेव्हा, दाराच्या कडीवर हात असताना, एकदम स्वच्छ दिसली. गॅलरीतून हाक. टीनाची हाक. आताची पप्पांची हाक. दर वेळी कोणीतरी तिला, माझ्या बहिणीला, बोलावत होतं. आणि ती उठत होती. आणि दर वेळी तिच्या जागी जाऊन मीच उभी राहत होती.

मी दार लावलं. वक्तृत्वाला उभी राहते तशी दोघांसमोर येऊन उभी राहिली. 

“मम्मी, तू खाली जायचं नाही. पप्पा, खड्डा बुजवायचा नाही. पाणी मी टाकीन, उतरो का न उतरो. आणि ते नाव तिचं आहे. तिले देऊन टाका. घरात, शाळेत, कुठंच मले त्या नावानं बोलवायचं नाही. माझं मी शोधून घेईन. तोवर... मले कोणी हाकच मारू नका.”